आधी चिंधी सोडा

सकाळी सव्वानऊला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामावर येणाऱ्या दुचाकींची नुसती झुंबड असते. त्यातल्या निम्म्या गाड्या आमच्या शेडसमोर आल्या की हळू होतात आणि गाडीवरचा माणूस मान वर करतो. कारण त्या वेळी आमच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर सत्तरीतले एक गृहस्थ उभे असतात. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला लोकरीची टोपी. मे महिना असला तरी टोपी लोकरीचीच. हातात गणपतीच्या सजावटीतून उरलेल्या लाल कागदाची दोन हात लांब पट्टी आणि तिच्या टोकाला बांधलेला एक लोखंडी नट. ते पट्टी सोडतात, ती तरंगत कुठंतरी जाऊन पडते. मग ते खाली उतरतात, शिडीपासून पट्टीपर्यंत पावलं मोजत जातात, पट्टी उचलून घडी घालतात आणि मोठ्यानं जाहीर करतात, "अकरा पावलं. वारं मावळतीकडनं. आज जपून."

कुणी जपून, कशाला जपून, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. एकदा ती पट्टी शेजारच्या फौंड्रीच्या मॅनेजरच्या चहात पडली. तो तणतणत आला तर आमच्या या आबांनी शिडीवरूनच त्याला विचारलं, "कपाला लागून पडली का थेट आत? थेट? वा! म्हंजे तुमी न्हेमीपेक्षा दोन पावलं पुढं बसला हुता." तो बिचारा गार झालेला चहा घेऊन परत गेला.

हे निवृत्त सुभेदार गणपतराव जाधव, आष्ट्याचे. सगळे आबा म्हणतात. माझ्या शेडमध्ये ते माल तपासतात. मी शोभा. शिलाईची शेड चालवते आणि तोंडानं फटकळ आहे, हे मी सांगितलं नाही तरी वसाहतीत कुणीही सांगेल. आमच्याकडे आठ बायका शिवायला. वर्षानुवर्षं आम्ही ताडपत्र्या शिवल्या. आता ताडपत्री मशीनवर चिकटवून येते, तिला सुईदोरा कोण विचारतो? मी काळजीत होते. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला नीरज आला. इंजिनिअर, हुशार, रोज दाढी करायला विसरणारा.

तो म्हणाला, "ताई, पॅराशूट शिवाल का?"

मी म्हटलं, "शिवू की." पॅराशूट जवळून बघितलेलंसुद्धा नव्हतं मी.

बर्फातल्या डोंगरांवर सैन्याच्या चौक्या असतात, तिथं रस्ता जात नाही, म्हणून रसद विमानातून टाकतात. चौकी एवढीशी, वारं एवढं मोठं. बोचकं टाकतात चौकीवर आणि ते जातं दरीत. नीरजनं एक डबी बनवली होती. तिच्यात दोन मोटारी, त्या छत्रीच्या दोऱ्या ओढून धरायच्या आणि बोचकं वळवत वळवत ठरलेल्या जागी आणायच्या. छत्री आम्ही शिवायची, डबी त्यानं लावायची. पण शिवलेलं तपासायला जाणकार माणूस हवा, असं त्याचं म्हणणं. आष्ट्यात घरटी एक फौजी. मी निरोप धाडला आणि आबा आले. त्यांची उभी नोकरी याच कामात गेलेली. विमानाच्या शेपटाकडचं दार उघडं, कमरेला पट्टा, आणि लाल दिव्याचा हिरवा झाला की पोती ढकलायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मंगलनं शिवलेली अख्खी शिवण उसवायला लावली. "बोटाच्या पेरात आठ टाके पायजेत. सात हायत." मंगल चिडली. म्हणाली, एका टाक्यानं काय होतंय? आबा म्हणाले, "काय हुतंय ते टाकणाऱ्याला कवाच कळत न्हाई, पोरी. त्योच तर वांदा हाय." आणि तिच्या शेजारी स्टूल घेऊन ती शिवण संपेपर्यंत बसून राहिले. चहासुद्धा घेतला नाही.

आबांचं सगळं तत्त्वज्ञान पाच शब्दांत: "आधी चिंधी सोडा, मग माल." चिंधी म्हणजे ती लाल पट्टी. जिथं माल पाडायचा त्या जागेच्या बरोबर वरून आधी चिंधी सोडायची. ती वाऱ्यानं जिकडं जाईल तिकडं जाऊ द्यायची. किती लांब गेली ते बघायचं, आणि माल सोडताना तेवढंच उलट्या बाजूला जाऊन सोडायचा. वारं त्याला आपोआप जागेवर आणतं. हे त्यांनी मला हजारदा सांगितलंय, ताटलीतल्या पोह्यांवरसुद्धा करून दाखवलंय.

पण तिथंच थांबतील तर ते आबा कसले! मुलीला मिरजेचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी बघण्याच्या कार्यक्रमाआधी एक लांबचा मेव्हणा त्या घरी भर उन्हात पाणी मागायला पाठवला. चिंधी. मेव्हण्यानं येऊन सांगितलं: पाणी लगेच आलं, बरोबर गूळही आला, पण म्हातारीनं सुनेला हाक मारली ती खेकसून. आबांनी स्थळ मोडलं नाही. मुलीला म्हणाले, "सासूचं वारं तिकडनं हाय. तू पैल्या दिवसापासनं तिच्या आधी उठ आणि तिच्या आधीच बोलायला लाग." मुलगी सुखात आहे. सासू म्हणे आता हिच्याशिवाय देवळात जात नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आबांचं दुसरं एक वेड होतं, त्यानं मला वीट आणला. आबांना कुणीही, काहीही कुठंही पाठवलं की ते पोचलं का, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. मुलीला डबा पाठवला की एसटी सुटल्यापासून तिला फोन. "पोचलं का?" टेम्पोतून माल गेला की ड्रायव्हरला फोन. "पोचलं का?" बिचारा घाटात, एका हातानं स्टिअरिंग धरून म्हणतोय, "आबा, आत्ता तर निघालोय!" आणि मग एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की हे रोज संध्याकाळी आठही बायकांच्या घरी फोन करतात. "पोचली का, पोरी?"

सुट्टी सहाला. साडेसहाला पहिला फोन. मंगलचा नवरा एकदा म्हणाला, "कोण हो हा म्हातारा रोज माझ्या बायकोला फोन करणारा?" रुक्सानाच्या सासूनं तर मला घरी बोलावून खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं आणि झापलं. मी तशीच तणतणत शेडवर आले.

"आबा, पुन्हा या शेडमधल्या एका जरी बाईच्या घरी तुमचा फोन गेला, तर त्याच दिवशी आपला रामराम. सांगून ठेवते."

ते नुसतं "व्हय" म्हणाले आणि मोबाईल खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. पण सहाला ते फाटकाशी उभे राहायला लागले. शेवटची स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत उभेच. आणि सकाळी टाकीवरून उतरले की दारात थांबून येणाऱ्या बायका मोजायच्या. आठवी आत आली की मोठा श्वास सोडून म्हणायचे, "आठ." मग चष्मा घालून कामाला. मला वाईट वाटत होतं, पण एकदा बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही.

तर आमच्या छत्रीच्या चाचण्या आटपाडीकडच्या माळावर सुरू झाल्या. तिकडं मोकळं रान भरपूर. विमान नाही, नीरजकडं परवाना काढलेलं एक मोठं ड्रोन होतं, ते बोचकं उचलून वर नेई. पहिलं बोचकं डाळिंबाच्या बागेत पडलं. बागवाल्याची समजूत काढता काढता अर्धा दिवस गेला. दुसरं पडलं मेंढरांत, मेंढरं पांगली ती थेट तिन्हीसांजेला गोळा झाली. तिसरं दिसेनासंच झालं. दुसऱ्या दिवशी सापडलं तेव्हा कुणीतरी आमची छत्री चार काठ्यांवर ताणलेली आणि तिच्या सावलीला एक व्यालेली शेळी, दोन करडं. आबा त्या शेळीकडं बघून म्हणाले, "कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे काय कमी हाय?"

नीरज डोकं धरून बसला. डबीला स्वतःची जागा कळत होती, जिथं पडायचं ते आखलेलं रिंगण कुठं आहे ते कळत होतं, पण खालचं वारं कळत नव्हतं. वर एका दिशेचं, मध्ये भलतंच, आणि जमिनीजवळ माळावरची वावटळ.

आबा म्हणाले, "आधी चिंधी सोडा."

"आबा, एवढ्या उंचीवरून कागद?" नीरज हसला.

"हसू नगा, सायब. माजी आई खळ्यात उंच तिपाईवर हुबी ऱ्हाऊन धान्याला वारं द्यायची. भरलं सूप कवाच एकदम वतलं न्हाई तिनं. आधी मूठभर सोडायची आन् बगायची भुसा कुठवर जातोय. मग पाय सरकवून हुबी ऱ्हायाची. तिला काय डबी हुती?"

नीरज कुपवाडला परतला तो चार दिवस गाळ्याबाहेर आला नाही. पाचव्या दिवशी आला तो कुंकवाच्या करंड्याएवढं एक यंत्र घेऊन, आणि त्याला बांधलेली, देवाशपथ, लाल पट्टी. ड्रोननं आधी हे सोडायचं. ते खाली येता येता प्रत्येक उंचीवरचं वारं मोजून वर कळवणार. मग मोठी डबी त्याप्रमाणं कुठून सुटायचं आणि कसं वळायचं ते ठरवणार. पुढची दोन बोचकी रिंगणाच्या कडेला येऊन पडली. आबांनी त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले.

आता राहिली शेवटची चाचणी. ती बघायला सैन्याच्या खरेदी खात्याकडून दोन साहेब येणार. एकच बोचकं, एकच संधी. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रिंगणात पडलं तर पुढचं काम आमचं. बाहेर पडलं तर आठातल्या चार बायकांना मला घरी बसवावं लागणार होतं. कुठल्या चार, हा विचार मनात आला की मला जेवण जात नसे.

आणि यात आबांनी नवंच काढलं. वजनाला वाळूची पोती नकोत म्हणाले. "वाळू कुठंबी पडली तर कुणाचं काय जातंय? हात सैल ऱ्हातो. ज्येच्यावर कुणाचं पोट हाय, ते टाका." नीरजनं हात जोडले, पण आबा हटेनात. तांदूळ, डाळ, गूळ, चहा, आणि भुश्यात ठेवलेली डझनभर अंडी. काट्यावर बरोबर वीस किलो. नीरजनं यंत्राला वीस सांगितलं. बोचक्याचं तोंड शिवायला आमच्या बायकांकडं दिलं.

आटपाडीला जाताना मी टेम्पोत आबांच्या शेजारी बसले होते. त्यांचा डावा पाय सारखा हलत होता. मी म्हटलं, "आबा, तुम्हाला कसली एवढी धास्ती? आयुष्यभर हेच केलंत की."

त्यांनी तो पाय हातानं दाबून धरला. मग म्हणाले, "एका थंडीत आमी एका चौकीवर पाच नग टाकलं. मीच ढकललं. मागनं वायरलेस आला, दोन मिळालं, तीन न्हाईत. दुसऱ्या दिवशी परत जायचं हुतं, तर हवा बंद झाली. लय दिवस बंद. मग आमची बदली."

"आणि त्या चौकीवरच्या पोरांचं?"

"त्येच तर. मेली असती तर कळलं असतं, ताई. वाईट खबर आपल्या पायानं येती. पोचल्याचं कोण कळवत न्हाई. दोन नगांत त्येनी कसं काढलं, काय खाल्लं, मला आजवर ठावं न्हाई. वरनं टाकणाऱ्याला खालचं माणूस कवा दिसतच न्हाई."

मला एकदम त्यांचा तो खिशात ठेवलेला मोबाईल आठवला.

माळावर पोचलो तर वारं असं सुटलेलं की साहेब लोकांनी टोप्या हातात धरल्या. दोघंही कमी बोलणारे. कागदावरून वजन लिहून घेतलं, रिंगण बघितलं, दोरीच्या मागं जाऊन उभे राहिले. नीरजनं ड्रोन उडवलं. बोचकं लोंबकळत वर वर गेलं, लिंबाएवढं झालं. आणि माझा फोन वाजला. रुक्साना.

"ताई, गेलं का वर?"

"गेलं. ठेव फोन."

"ताई, एक विचारू? बरणी फुटणार न्हाई न्हवं?"

"कसली बरणी?"

"लोणच्याची. मी घातली हाय आत. फौजींसाठी जाणार म्हटल्यावर रिकामं कसं पाठवायचं? एकटीनं न्हाई हो ताई, समद्यांनी थोडं थोडं घातलंय."

मी नीरजला सांगितलं, तर त्याचा चेहरा त्या फक्कीसारखा झाला. "ताई, वजन चुकलं की सगळं चुकतं! जड झालं तर वेगात येईल, वळायच्या आत पुढं निघून जाईल. किती घातलंय? आत्ता सांगा, बॅटरी उतरायला लागलीय, खाली आणून परत वर न्यायला पुरणार नाही!"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि ओरडले, "भवान्यांनो, एकेकीनं वजन सांगा!"

तिकडून एकच गलका. रुक्साना: बरणीसकट पाऊण किलो. मंगल: भाजलेले शेंगदाणे, अर्धा किलो. आशानं डिंकाचे लाडू घातलेले, तेही अर्धा. सुनीताची चटणी पावशेर, लक्ष्मीचे बेदाणे पावशेर. कमलच्या कडक भाकरी. "किती वजन?" "दोन हायत." "अगं, वजन!" "आता भाकरी कोण मोजतंय, ताई!" वैशालीनं पायमोजे विणलेले. शेवटी हिराबाई म्हणाली, "माजी अंगाऱ्याची पुडी हाय, ती धरू नगा."

"धरा," आबा म्हणाले. "अंगारा बी धरा."

मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं आता हे भडकणार. एका टाक्यासाठी शिवण उसवणारा माणूस! पण नाही. "बरोबर हाय त्येंचं," ते म्हणाले. "रिकामं कोण पाठवतंय?"

नीरजनं यंत्राला साडेबावीस सांगितलं. साहेबांपैकी एकानं घड्याळ बघितलं. आधी चिंधी सुटली, लाल ठिपका गिरक्या घेत खाली आला आणि पार कोपऱ्यातल्या बाभळीपाशी पडला. नीरज पडद्याकडं बघून काहीतरी पुटपुटत होता. मग म्हणाला, "सोडतो."

बोचकं सुटलं. छत्री उघडली. आमची छत्री, बोटाच्या पेरात आठ टाक्यांची. आणि तेवढ्यात बघते तर आबा दोरीखालून वाकून रिंगणात शिरलेले!

"आबा! मागं या! डोक्यावर पडेल!" मी किंचाळले. साहेबही ओरडले.

आबा रिंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, तोंड आभाळाकडं. "लय वर्षं टाकणाऱ्यांत काढली," ते तिथूनच ओरडले. "घेणाऱ्यांत एकदा तरी हुबा ऱ्हाऊ द्या!"

मी देवाला नवस बोलले, आणि काय मागावं तेच मला कळेना. रिंगणात पडू दे म्हणावं तर मध्ये हे उभे. पडू नको म्हणावं तर चार बायका घरी. मधेच वावटळ उठली, छत्री एकीकडं कलली, आता गेलीच असं वाटलं. मग एक दोरी ताणली गेली, छत्री वळली, आणि धप्पकन बोचकं फक्कीच्या आत. आबांपासून सात पावलांवर. ती पावलं मी नंतर मोजली.

आबा धावत गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी शिवण कापली आणि एकेक वस्तू बाहेर काढून मातीवर मांडली. मग टोपी काढून, दोन्ही हात वर करून, ड्रोनकडं बघत घसा फाटेस्तोवर ओरडायला लागले, "पोचलं रं! पोचलं! मिळालं आमाला!"

नीरज हळूच जवळ गेला. "आबा, वर कोणी नाही. यंत्र आहे नुसतं."

आबांचे हात तसेच वर राहिले. मग हळूहळू खाली आले. माझ्या हातातला फोन अजून चालूच होता आणि तिकडून आठ जणी ओरडत होत्या, "ताई, कुठं पडलं? ताई, बोला की!"

मी रिंगणात गेले आणि फोन आबांच्या हातात दिला.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. "करू का फोन?"

"करा," मी म्हटलं. "रोज करा."

त्यांनी फोन कानाला लावला. दुसऱ्या हातानं बरणी उचलून उन्हात धरली.

"रुक्साना, पोरी, आबा बोलतोय. तुजं लोणचं पोचलं. बरणी धड हाय. मंगल, तुजं दाणं पोचलं. कमल, भाकरी मोडली एक, पर पोचली. व्हय, व्हय, हिराबाई, सांगतो की, तुजी पुडी बी पोचली..."